मदत हवी आहे : पृथुराजाचं आख्यान दशावतारात कसं बसवावं?

मंडळी नमस्कार. सिंधुदुर्गातल्या आमच्या गावी देवराईतली जुनी झाडं काढून देवळापुढे मोठा सभामंडप बांधायचा विचार चाललाय. झाडं वाचवा म्हणून भाषणं केली तर ऐकायला कोणी बसत नाही. दशावताराला मात्र अख्खा गाव रात्रभर जागतो. म्हणून जत्रेसाठी भागवताच्या चौथ्या स्कंधातलं पृथूचं आख्यान डोक्यात आहे.

दुष्काळात प्रजा उपाशी, म्हणून राजा धनुष्य घेऊन पृथ्वीमागे धावतो. ती गाय होऊन पळते आणि शेवटी सुनावते : औषधी (म्हणजे धान्य, वनस्पती) दुर्जन ओरबाडत होते, राखणारं कोणी नव्हतं, म्हणून मीच त्या गिळल्या! वासरू आणा, मग दूध देईन. मग राजा मनूला वासरू करून आपल्या हातातच दूध काढतो, आणि पाठोपाठ ऋषी, नाग, पशुपक्षी असा जो तो आपलं वासरू आणि भांडं घेऊन येतो. वृक्षांचं वासरू म्हणजे वड. हा भाग मला फार आवडतो, पण रंगमंचावर नेमका तोच अवघड.

संवाद तर नट आयत्या वेळी रचतात. तेव्हा गायरूपातली पृथ्वी कशी उभी करावी? दोहनाचा प्रसंग चार-पाच नटांत कसा भागवावा? कोणी हे आख्यान पाहिलंय का? पर्याय म्हणून मत्स्यपुराणातली, अशोकाच्या रोपाला पुत्र मानणारी पार्वतीही आहे, पण त्यात युद्ध नाही, आणि युद्धाशिवाय आमचे प्रेक्षक उठून चहाला जातात. महाभारतातलं खांडववन नको, तिथे जाळणारे कृष्ण-अर्जुनच, वाद नको त्या दिशेला जाईल.

जाणत्या कलावंतांनी कृपया सुचवावं.