पावसाळ्यानंतर सायकल सुरू केल्यापासून उजवा गुडघा दुखतो : नेमके कारण कसे शोधावे?

नमस्कार. मी मुलुंडला राहतो. वय ४७, वजन ७८ किलो. गेली चार वर्षे हौसेने सायकल चालवतो. स्पर्धांत उतरत नाही. आठवड्यात दोन दिवस पहाटे पूर्व द्रुतगती मार्गाने विक्रोळीपर्यंत जाऊन येतो आणि रविवारी ऐरोली पुलावरून वाशी, तिथून पाम बीच मार्गाने बेलापूर आणि परत, अशी सुमारे ५० किलोमीटरची फेरी करतो. पाण्याखालचे खड्डे दिसत नाहीत म्हणून दरवर्षी जून ते सप्टेंबर सायकल बंद असते, तशी ती यंदाही होती. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात पुन्हा सुरुवात केली आणि तिसऱ्या रविवारपासून उजवा गुडघा दुखू लागला. त्याला आज पाच आठवडे झाले.

दुखणे नेमके कसे आहे ते सविस्तर लिहितो, कारण उत्तर देणाऱ्यांना त्याचाच उपयोग होईल. दुखते ते पुढच्या बाजूला, वाटीच्या मागे आणि किंचित खाली; बोट ठेवून जागा दाखवता येत नाही, तळहात ठेवावा लागतो. सायकल चालवताना पहिली दहा मिनिटे जाणवते, मग अर्धा तास बरे वाटते आणि परतीच्या वाटेवर ऐरोली पुलाच्या चढाला पुन्हा ठणका सुरू होतो. खरा त्रास दुसऱ्या दिवशी होतो. आमची इमारत जुनी आहे, लिफ्ट नाही आणि आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो. जिना चढताना फारसे काही होत नाही, पण उतरताना प्रत्येक पायरीला कळ येते आणि शेवटच्या मजल्यावर कठडा धरावा लागतो. मुलुंडहून सीएसएमटीपर्यंत लोकलमध्ये गुडघे दुमडून तासभर बसल्यावर उठताना पहिली चार-पाच पावले लंगडत टाकावी लागतात. घरी मांडी घालून जेवायला बसणेही सध्या सोडले आहे. मात्र सूज नाही, गुडघा अडकत नाही, पाय अचानक लटका पडत नाही आणि पडल्या-झडल्याचे काही निमित्त नाही.

अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवून आलो. एक्स-रे काढला, सांध्यातले अंतर चांगले आहे आणि झीज दिसत नाही असे त्यांनी सांगितले. पुढे मात्र, या वयात सायकल कशाला, बंद करा, एवढेच म्हणाले. डॉक्टरांच्या ज्ञानाबद्दल मला शंका नाही, पण हे उत्तर मला अपुरे वाटते. चार वर्षे जो गुडघा ५० किलोमीटर बिनतक्रार चालला, तो एका महिन्यात बिघडला असेल, तर त्या महिन्यात काय बदलले हे विचारायला हवे होते. सायकलमुळे माझी रक्तातली साखर आटोक्यात आली आहे. ती सहजासहजी सोडायची माझी तयारी नाही.

माझी अडचण अशी की त्या महिन्यात एक नव्हे, तीन गोष्टी बदलल्या.

पहिली गोष्ट म्हणजे खंडानंतरची घाई. चार महिने सायकलला हात लावला नव्हता, तरी दुसऱ्याच रविवारी मी पूर्ण ५० किलोमीटर गेलो. दम टिकला म्हणून पायही टिकतील असे गृहीत धरले. मांडीच्या पुढच्या स्नायूंची ताकद दरम्यान किती उतरली असेल याचा विचारच केला नाही, आणि वाटी सरळ रेषेत सरकावी यासाठी तेच स्नायू भार घेतात.

दुसरी गोष्ट गिअरची. पूर्वी एका मित्राबरोबर सावकाश जात असे. आता एका वेगवान गटाबरोबर जातो. वेग राखण्यासाठी मी पुढचा गिअर सतत ३ वर आणि मागचा ६ वर, म्हणजे जड गिअर ठेवतो. गेल्या रविवारी पुलाच्या चढावर १५ सेकंद मोजले, तर उजवा गुडघा १४ वेळा वर आला, म्हणजे पेडलचे मिनिटाला ५६ फेरे. सपाट रस्त्यावर ८० ते ९० फेरे असावेत असे जाणकार सांगतात. तेवढाच वेग कमी फेऱ्यांत काढायचा तर प्रत्येक फेऱ्याला जास्त जोर लावावा लागतो, आणि तो जोर दुमडलेल्या गुडघ्यावर, वाटी मांडीच्या हाडावर दाबूनच लागतो.

तिसरी गोष्ट मला गेल्या आठवड्यात लक्षात आली आणि तिच्यावरच माझा सर्वांत जास्त संशय आहे. सप्टेंबरच्या अखेरीस एका दुकानात सायकलचे सर्व्हिसिंग करून घेतले होते. परवा फडक्याने पुसताना सीटखालच्या नळीकडे नीट पाहिले. क्लॅम्पच्या (नळी घट्ट धरणाऱ्या कडीच्या) वर नळी जिथपर्यंत नेहमी उघडी असते तिथे चमक गेली आहे, बारीक ओरखडे आहेत. त्याच्या खाली, क्लॅम्पच्या कडेला नळीभोवती अंगठीसारखी एक काळपट रेघ दिसायला हवी होती, पण ती दिसेना. क्लॅम्प सैल करून नळी वर ओढली तेव्हा वर्षानुवर्षे धूळ आणि ग्रीस साचून झालेली ती जुनी खूण पूर्ण बाहेर आली. पट्टीने मोजले, तर सीट तब्बल ३ सेंटिमीटर खाली बसवली गेली होती. ग्रीस लावायला नळी काढली असणार आणि परत घालताना उंची पाहिली नसणार. त्या दुकानाला दोष देण्यात अर्थ नाही, घरी आणल्यावर मीच तपासायला हवे होते.

मग हिशेब करून पाहिला. भिंतीला पाठ टेकवून, अनवाणी उभे राहून, दोन्ही पायांमध्ये जाड पुठ्ठ्याचे पुस्तक वर घट्ट धरून जमिनीपासून त्याच्या वरच्या कडेपर्यंत मोजले तर ८० सेंटिमीटर भरले. टूर द फ्रान्स तीनदा जिंकलेले अमेरिकन सायकलपटू ग्रेग लेमाँड यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या गणिताप्रमाणे याला ०.८८३ ने गुणले की क्रँकच्या (पेडलचे दांडे ज्या आसाला जोडलेले असतात त्याच्या) मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंतचे अंतर मिळते. माझ्यासाठी ते सुमारे ७०.६ येते. सीट सध्या ६७.५ वर होती आणि जुन्या खुणेवर ती ७०.५ वर येते. टाचेची साधी परीक्षाही तेच सांगते : पेडल सर्वांत खाली असताना त्यावर टाच ठेवली तर पाय सरळ व्हायला हवा, माझा गुडघा स्पष्ट वाकलेला राहत होता, म्हणजे जोर लावताना तो जास्तच दुमडलेला होता.

आता प्रश्न. तिन्ही गोष्टी एकदम सुधारल्या तर दुखणे थांबेल कदाचित, पण कशामुळे थांबले ते कळणार नाही आणि पुढच्या ऑक्टोबरला मी पुन्हा इथेच असेन. एकेक करून बदलायच्या तर प्रत्येकीला दोन-तीन आठवडे द्यावे लागतील. यातून गेलेल्यांनी आधी कशाला हात घातला? सीट एकदम ३ सेंटिमीटर वर घेतली तर गुडघ्याच्या मागच्या बाजूला ताण येतो असे वाचले आहे. मग ती किती टप्प्यांत वर घ्यावी? मांडी आणि नितंबाच्या स्नायूंसाठी सरळ पाय उचलणे आणि सेतुबंधासन सुरू केले आहे. दुखत असताना यात आणखी काय घालावे आणि काय टाळावे? वेदनाशामक गोळी घेऊन फेरी पूर्ण करण्याचा सल्ला कृपया देऊ नये. दुखणे झाकून चालवायचे नाही, हे मी ठरवले आहे.

दहा दिवसांनंतरची भर

सर्वांचे मनापासून आभार. अंतर कमी करणे हा प्रयोगाचा भाग मानू नका, ते कोणत्याही कारणासाठी आधी करायलाच हवे, हे तुमचे म्हणणे पटले. म्हणून रविवारची फेरी २० किलोमीटरवर आणली आहे. गिअरला मुद्दाम हात लावलेला नाही. सीट दर दोन फेऱ्यांनंतर ५ मिलिमीटर वर घेतो आहे. आतापर्यंत १ सेंटिमीटर झाली आणि नळीवर पेन्सिलने खुणा केल्या आहेत. फेरीत कसे वाटले यापेक्षा दुसऱ्या सकाळचा जिना हेच माप धरावे, ही सूचना सर्वांत उपयोगी पडली. कालच्या सोमवारी दोन मजले कठड्याशिवाय उतरलो, तिसऱ्याला कळ आली. मागच्या बाजूला ताण अजिबात नाही.

एक शंका मात्र उरते. अंतरही कमी झाले आहे आणि सीटही वर गेली आहे, तेव्हा हा फरक अंतर कमी केल्याचा की सीटचा? सीट ७०.५ वर पोचेपर्यंत २० किलोमीटरच ठेवावे, की मध्ये एकदा ३० करून पाहावे? येत्या रविवारी ऐरोली पुलाच्या अलीकडूनच परतणार आहे आणि सोमवारी जिन्याचे काय झाले ते इथेच लिहीन.