मदत हवी आहे: कुंडी बदलताना डोळ्यात माती गेली, अजून खुपतंय

मातीतली_मी:
कुंडी बदलत होते. मुळं सुटेनात म्हणून गोळा झटकला आणि सगळी भुकटी तोंडावर आली. पाण्याचे हबके मारले, तरी उजवा डोळा खुपतोय आणि पाणी थांबत नाहीये. हात साबणाने धुऊन झालेत, तेव्हा ते सांगू नका. डोळ्यात काय घालू तेवढंच सांगा, लवकर.

शेवंती:
भुकटी कशाची? नुसती माती, की त्यात चुना, राख, रासायनिक खत काही मिसळलेलं होतं? चुना असेल तर उत्तर लिहीत बसू नका. पापण्या बोटांनी उघड्या धरून किमान 15 मिनिटं वाहत्या पाण्याने डोळा धुवा आणि तसेच डॉक्टरकडे जा. चुना डोळ्यात आम्लापेक्षाही खोल शिरतो.

परसबागकर:
एवढं घाबरवू नका हो त्यांना. माझ्याकडे मागे डोळे आले होते तेव्हाचे थेंब आहेत. बागेत डोळ्यात काही गेलं की तेच घालतो, संध्याकाळपर्यंत लाली उतरते. तुमच्याकडेही असतील एखादे जुने, बघा.

मातीतली_मी:
चुना नाही. बागेतली माती, गांडूळखत, निंबोळी पेंड, कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा). थेंब आहेत घरात, पण नाव पुसलंय. घालू का?

निशिगंध:
अजिबात घालू नका!
आणि हबके मारणं म्हणजे डोळा धुणं नव्हे. हबका आला की डोळा आपोआप मिटतो, आत पाणी जातच नाही. मान उजवीकडे कलती करा आणि पिण्याचं स्वच्छ पाणी नाकाच्या बाजूने कानाच्या दिशेने हळूहळू सोडत राहा. सलाईन असेल तर उत्तम. मध्येमध्ये डोळा वर, खाली, बाजूला फिरवा. चोळू नका. पुष्कळदा कण वरच्या पापणीच्या आत चिकटलेला असतो आणि प्रत्येक उघडझापीला बुबुळावर घासत राहतो.
एक विचारायचं राहिलं. लेन्स लावता का?

हिरवा_कोपरा:
हातमोजे घातले असते तर हा प्रश्नच आला नसता. मी मोज्यांशिवाय मातीला हात लावत नाही.

शेवंती:
@हिरवा_कोपरा, भुकटी उडून डोळ्यात गेली आहे, हाताने नाही. शिवाय मोजे घातले की माणूस निर्धास्त होतो आणि त्याच मोज्याने कपाळाचा घाम पुसतो. मोज्याची बाहेरची बाजू हाताइतकीच मळलेली असते. घाम दंडाला पुसायचा, नाहीतर कपाळाला पट्टी बांधायची.

मातीतली_मी:
लेन्स लावते. काढली, नळाखाली धुतली आणि परत घातली. त्याशिवाय दिसत नाही आणि चष्मा सापडत नाहीये. लेन्सचा इथे काय संबंध?

निशिगंध:
सगळा संबंध तिथेच आहे. आत्ताच्या आत्ता काढा. आधी हात पुन्हा साबणाने धुवा, नखांखाली आणि अंगठीखालीसुद्धा, आणि स्वच्छ कापडाने कोरडे करा.
अकांथामीबा नावाचा एकपेशीय जीव मातीत असतो आणि नळाच्या पाण्यातही असतो. एरवी तो काही करत नाही. पण बुबुळावर ओरखडा आहे, त्यावर लेन्स आणि लेन्सला नळाचं पाणी, म्हणजे त्याला आत शिरायला वाटच. तो संसर्ग झाला तर उपचार महिनोन्महिने चालतात आणि दृष्टी जाऊ शकते. लेन्स कधीही पाण्याने धुवायची नसते, तिच्या द्रावणानेच धुवायची. आजच डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा. लेन्स आणि डबी टाकून देऊ नका, सोबत न्या, तपासायला लागू शकते. कुणाला तरी बरोबर घ्या, गाडी चालवू नका.

परसबागकर:
प्रत्येक वेळी डोळ्यात माती गेली म्हणून डॉक्टर? आम्ही मातीतच वाढलो. मातीतल्या जंतूंनी प्रतिकारशक्ती वाढते.

निशिगंध:
माती गेली म्हणून कुणी डॉक्टरकडे पाठवत नाहीये. धुऊनही खुपतंय, पाणी येतंय आणि लेन्स आहे, म्हणून पाठवतोय. आणि ते जुने थेंब इथे कृपया पुन्हा सुचवू नका. माती, काडी, पात लागून बुबुळाला बुरशीचा व्रण होतो, फ्युझेरियम आणि अ‍ॅस्परजिलस या बुरशी त्यात नेहमीच्या. थेंबात स्टिरॉइड असेल तर लाली उतरते, बरं वाटतं आणि आत बुरशी वाढत राहते. म्हणूनच लाली उतरली ही खूण फसवी आहे.

कमळण:
धाग्यात प्रश्न विचारला तर चालेल ना? माझ्या कोकोपीटवर पांढरी बुरशी आली आहे. हीच ती का? फेकून देऊ का?

हिरवा_कोपरा:
@कमळण, वरवर दिसणारी पांढरी जाळी बहुतेकदा कुजणाऱ्या पाल्यापाचोळ्यावर जगणारी असते, झाडाला त्रास देत नाही. वरचा थर ओला करून काढा, पाणी कमी घाला. नाक खुपसून बघू नका. तयार कुंडीमिश्रणाची पिशवी उघडतानाही तोंड लांब ठेवा. त्यात लिजिओनेला लाँगबीचे हा जिवाणू असू शकतो, धुळीतून फुफ्फुसात गेला तर न्यूमोनिया होतो. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये पिशव्यांवर तसा इशारा छापलेला असतो. मास्क लावायचा.

गवती_वाट:
मी तर कुंड्यांजवळच सॅनिटायझरची बाटली ठेवली आहे. दर वेळी आत जाऊन हात धुवायची गरजच नाही.

शेवंती:
सॅनिटायझर मातीच्या हाताला उपयोगाचा नाही. मळाच्या थराखाली तो पोचत नाही. शिवाय धनुर्वाताच्या जिवाणूचे बीजाणू, जंतांची अंडी यांना अल्कोहोलने काही होत नाही. साबण त्यांना मारत नाही, पण चोळून वाहत्या पाण्याबरोबर धुऊन काढतो आणि हवं असतं तेच. 20 सेकंद तरी चोळा, नखं ब्रशने घासा.
तुमच्या कुंड्यांत मांजरं येतात का? मांजराच्या विष्ठेतून टोक्सोप्लाझ्मा नावाचा एकपेशीय परजीवी मातीत उतरतो. ताज्या विष्ठेतला लगेच बाधत नाही, 1 ते 5 दिवसांनी बाधू लागतो आणि ओल्या मातीत वर्षभरही टिकतो. तो डोळ्याच्या पडद्यालाही इजा करतो. घरात कुणी गरोदर असेल तर तिने मातीकाम टाळावं, करायचंच तर मोजे घालूनच.

गवती_वाट:
मांजरं येतात. मुलगा त्याच मातीत खेळतो. हे मला कुणी सांगितलंच नव्हतं.

शेवंती:
खेळू दे. खेळून झालं की आधी हात, मग बाकी सगळं. खेळायची माती वेगळी ठेवा आणि रात्री झाकून ठेवा.

मातीतली_मी:
जाऊन आले. पिवळा रंग घालून निळ्या दिव्याखाली पाहिलं. वरची पापणी उलटवली तर कण तिथेच होता, कोकोपीटचा असावा. बुबुळावर उभे ओरखडे आहेत. कण काढला, प्रतिजैविक थेंब दिलेत, उद्या पुन्हा बोलावलंय. डोळा बरा झाल्याचं ते सांगेपर्यंत लेन्स बंद. डबी नवीन घ्यायला सांगितली. जास्त दुखलं, उजेड सहन होईना किंवा धूसर दिसू लागलं तर उद्याची वाट न पाहता यायचं.
चष्मा सापडला. यापुढे तो लावूनच कुंड्या बदलेन. तेवढं पुरेल ना?

निशिगंध:
बरं झालं गेलात. साधा चष्मा समोरून झाकतो, वरून आणि बाजूने भुकटी आत येतेच. बाजूंनी बंद असलेला सुरक्षा चष्मा घ्या, चष्म्यावरून बसेल असाही मिळतो. आणि मुळांचा गोळा झटकू नका. बादलीत बुडवून ठेवा, माती आपोआप सुटते आणि मुळंही तुटत नाहीत. शेर किंवा रुईसारखं चिकाचं झाड छाटायचं असेल तर हा चष्मा हवाच. रुईचा चीक डोळ्यात गेला तर कधी कधी दुखतही नाही, नुसतं धूसर दिसायला लागतं.

परसबागकर:
माझी बाटली काढून पाहिली. बारीक अक्षरात डेक्सामेथासोन लिहिलंय. हे तेच का?

निशिगंध:
हो, ते स्टिरॉइडच. तसंही उघडलेली बाटली बहुतेक थेंबांची महिन्याभरातच टाकायची असते. आजच टाका. गेल्या वेळी घातल्यानंतर त्या डोळ्याने नीट दिसतंय ना?