मदत हवी आहे: नोकरी सोडून स्वतःची पिकअप घ्यायची आहे, परतीच्या भाड्याचा हिशेब कसा मांडावा?

नमस्कार. कोल्हापूरजवळच्या गोकुळ शिरगाव औद्योगिक वसाहतीतील एका फाउंड्रीच्या (धातू ओतून नग बनवणाऱ्या कारखान्याच्या) डिस्पॅच विभागात मी गेली नऊ वर्षे काम करतो. चलन, काटा चिठ्ठी (वजनाची पावती) आणि ई-वे बिल (माल वाहतुकीचा ऑनलाइन जीएसटी दाखला) रोज माझ्याच हातून जात असल्यामुळे माल कसा हलतो हे मला ठाऊक आहे. परंतु महिनाअखेर गाडीमालकाच्या खिशात नेमके काय उरते, हे टेबलाच्या या बाजूने दिसत नाही. पावणेदोन टनांची जुनी पिकअप घेऊन ती स्वतः चालवावी, असा विचार पक्का होत आला आहे. निर्णयापूर्वी या व्यवसायातील अनुभवी मंडळींनी माझा हिशेब तपासून द्यावा, अशी विनंती आहे.

सहा लाख रुपयांचे कर्ज ११ टक्के व्याजाने ५ वर्षांसाठी घेतल्यास हप्ता सुमारे १३,०५० रुपये बसतो. विम्यासाठी महिना ३,००० आणि टायर, ऑइल व किरकोळ दुरुस्तीसाठी ४,००० रुपये बाजूला काढायचे म्हटले, तर गाडी जागची हललीही नाही तरी महिन्याला वीस हजार रुपये जाणार. कामाचे दिवस २२ धरल्यास उभ्या गाडीचा रोजचा खर्च ९०० रुपयांच्या पुढे जातो.

आता एक फेरी पाहू. कोल्हापूरहून पुण्याजवळच्या भोसरीला जाऊन येण्यास सुमारे ५०० किलोमीटर होतात. लिटरला १२ किलोमीटर आणि डिझेल ९० रुपये धरले, तर ३,७५० रुपये डिझेललाच जातात. किणी, तासवडे, आनेवाडी आणि खेड शिवापूर हे चार टोलनाके जाता-येता लागतात, ते आणि जेवणखाण मिळून खर्च पाच हजारांच्या आसपास पोहोचतो. एका दलालाने मला ७,५०० रुपये भाडे सांगितले आहे. वरकरणी अडीच हजार उरतात. पण माल उतरवण्यासाठी रांगेत थांबावे लागून फेरीला दोन दिवस गेले, तर उभ्या गाडीचे १,८०० रुपये वजा होऊन माझ्या दोन दिवसांच्या मजुरीपोटी ७०० रुपये उरतात. परतीचे भाडे मिळाले तरच हा व्यवहार परवडतो, आणि ते मिळेल याची खात्री कोणीच देत नाही.

दुसरी काळजी वजनाची आहे. बिडाच्या कास्टिंगने (ओतीव लोखंडाच्या नगांनी) हौद्याचा तळ जेमतेम झाकतो तोच पावणेदोन टन भरतात, आणि वर मोकळा दिसणारा हौदा पाहून भरून देणारा (हा दोष माझाही आहे) "अजून दोन पेट्या बसतील" असे सहज म्हणून जातो. मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीनंतर जादा वजनाचा दंड २०,००० रुपये आणि वर प्रत्येक जादा टनामागे २,००० रुपये असा आहे. म्हणजे एकदा सापडलो की महिन्याची कमाई गेली. नव्या माणसाने गिऱ्हाईक न दुखावता नाही कसे म्हणावे? शिवाय हलक्या मोटार वाहनाच्या परवान्यावर ही गाडी चालवता येईल का, आणि निपाणीकडे जाण्यासाठी वेगळे परमिट लागेल का, हेही कृपया सांगावे.

प्रतिसाद १

आपला हिशेब प्रामाणिक आहे, पण आपण पहिल्याच दिवशी पुणे गाठायला निघाला आहात. परतीचे भाडे आपल्या डोळ्यांसमोरून रोज जाते आहे. गोकुळ शिरगावहून कच्चे कास्टिंग शिरोलीच्या किंवा कागल-हातकणंगले पंचतारांकित वसाहतीच्या मशीन शॉपला जाते, मशीनिंग (यंत्रावर कातून अचूक माप देणे) होऊन तेच परत येते, आणि नाकारलेले नग व बिडाचा चुराही पुन्हा भट्टीकडेच येतो. या कामात दोन्ही बाजूंनी गाडी भरलेली राहते, टोल जवळजवळ लागत नाही आणि रात्री माणूस घरी असतो. भाडे लहान असते खरे. मात्र दिवसात तीन फेऱ्या झाल्या, तर उभ्या गाडीचा आपला ९०० रुपयांचा खर्च पहिल्याच फेरीत निघून जातो. मी अठरा वर्षे लहान गाड्या चालवल्या, त्यातील पहिली तीन वर्षे लांबच्या भाड्यांच्या मोहात वाया घालवली. शिवाय एका दलालाकडे चाळीस हजार रुपये अडकले, ते आजतागायत आलेले नाहीत.

परवान्याची चिंता नको. एकूण वजन ७,५०० किलोपर्यंतची मालवाहू गाडी हलक्या वाहनाच्या परवान्यावर चालवता येते; सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये ते पुन्हा स्पष्ट केले. परमिटचे मात्र नीट पाहा. गाडी आणि माल मिळून वजन ३,००० किलोपर्यंत असेल तर परमिट लागत नाही, पण पावणेदोन टन वाहणारी पिकअप ही मर्यादा ओलांडते. कागलच्या पुढे कोगनोळीपासून कर्नाटक सुरू होते. तेव्हा निपाणीचे काम घेणार असाल तर घेतानाच गाडीला राष्ट्रीय परमिट (दुसऱ्या राज्यात माल नेण्याचा परवाना) आहे का ते विचारा. कागदांत बँकेचा बोजा उतरला आहे का, पासिंग (आरटीओचा योग्यता दाखला) कधीपर्यंत आहे आणि ई-चलनांची थकबाकी किती आहे, हे व्यवहारापूर्वी पाहा. नावावर झाल्यापासून १४ दिवसांत विमा कंपनीलाही कळवा. हौद्याला वरून फळ्या चढवलेली गाडी दिसली तर ती सोडून द्या; तिचे पाटे (चाकांवरच्या स्प्रिंगच्या पट्ट्या) आधीच थकलेले असतात.

जादा मालाला नाही म्हणण्याचा एकच मार्ग मला जमला: पहिल्या दिवशीच काट्यावर रिकाम्या गाडीचे वजन करून ती चिठ्ठी काचेजवळ ठेवायची आणि भरल्यावर पुन्हा काटा करायचा. वाद माणसाशी राहत नाही, काट्याशी राहतो. भराई-उतराईचेही भाडे ठरवतानाच बोलून घ्या. 'ज्याचा माल त्याचा हमाल' ही मागणी कोल्हापूरच्या लॉरीवाल्यांनी उगाच लावून धरलेली नाही. वाराई (भराई-उतराईची हमाली) आपल्या भाड्यातून कापली गेली की वर उरलेले ७०० रुपयेही दिसणार नाहीत.

प्रतिसाद २

मी हिशेबनीस आहे, म्हणून फक्त पैशांच्या वसुलीबद्दल लिहिते. कारखान्यांकडून दोन-दोन महिने बिल येत नाही, आणि डिझेल तर रोखीने भरावे लागते. गाडी घेताच उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) करा. ती मोफत होते. नोंदणीकृत सूक्ष्म उद्योगाचे पैसे लेखी करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि नसल्यास १५ दिवसांत देणे बंधनकारक आहे. शिवाय १ एप्रिल २०२४ पासून लागू असलेल्या आयकराच्या तरतुदीमुळे मुदत उलटून वर्षअखेरपर्यंत न दिलेली रक्कम कारखान्याला त्या वर्षीच्या खर्चात दाखवता येत नाही. त्यामुळे मार्चमध्ये त्यांचाच लेखा विभाग आपल्याला फोन करतो.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. मशीन शॉपच्या फेऱ्यांचे चलन मी स्वतः लिहितो आणि तरीही ते मला सुचले नाही, याचे हसू आले. आता पुण्याचा विचार बाजूला ठेवला आहे. एक शंका उरते. २०१९ आणि २०२१ च्या पुरात शिरोलीजवळ महामार्गावर पाणी येऊन वाहतूक बंद पडली होती. माझी बहुतेक कामे त्याच पट्ट्यात असतील, तर जुलै-ऑगस्टसाठी किती हप्त्यांची रक्कम हाताशी ठेवावी? मी दोन हप्ते धरले आहेत. ज्यांची गाडी त्या दिवसांत उभी राहिली होती, त्यांनी ते पुरले का हे कृपया सांगावे.