प्रतिसाद: उन्हातला हातपंप आणि वॉशर

भर दुपारी हातपंप पिंपातून पेट्रोल ओढेनासा झाला म्हणजे त्यातला वॉशर (हवा गळू न देणारी चकती) झिजलाच असणार, असे मानले जाते; ते दर वेळी खरे नसते. गोव्यातल्या मालीमच्या मासेमारी धक्क्यावर मे महिन्यात पिंप उन्हात राहिले की बूच सैल करताच फुस्स असा आवाज येतो आणि पारदर्शक नळीतून इंधनाऐवजी बुडबुडेच चढताना दिसतात, कारण पंपाच्या ओढीमुळे नळीतला दाब घटतो आणि आधीच तापलेल्या पेट्रोलची तिथेच वाफ होते. (आमचे दोन चांगले वॉशर याच गैरसमजापायी बदलले गेले.) अशा वेळी पिंप सावलीत घ्यावे, त्यावर ओले गोणपाट टाकावे आणि ओढणारी नळी शक्य तितकी आखूड ठेवावी. पिंप काठोकाठ भरणे मात्र सर्वांत वाईट, कारण डिझेलसुद्धा १० अंशांनी तापले तर २०० लिटरमागे सुमारे दीड लिटर फुगते.

थंडीचा प्रश्न गोव्यात उद्भवत नाही. लडाखमध्ये साध्या डिझेलमधले मेण गोठून गाळणी तुंबते. म्हणूनच तिथे २०१९ मध्ये उणे ३३ अंशांपर्यंत प्रवाही राहणारे हिवाळी डिझेल आणले गेले.