दुसरे कार्ड घेण्याआधी वॅटचा हिशेब करा

बॉइंक (घरच्या संगणकाची ताकद विज्ञानाच्या प्रकल्पांना देणारे सॉफ्टवेअर) चालवणाऱ्या एकाने विचारले आहे: रायझन ७९५०एक्स प्रोसेसर, ६५० वॅटचा पीएसयू (संगणकाला वीज पुरवणारा भाग), आता दुसरे आरटीएक्स ३०७० ग्राफिक्स कार्ड बसवले आणि दुपारी मशीन अचानक बंद पडते. तापल्यावर प्रोसेसर आधी वेग कमी करतो. थेट बंद पडणे हे बहुधा पीएसयूचे लक्षण. प्रोसेसर २३० वॅट, कार्डे प्रत्येकी २२०, म्हणजे ६७० इथेच झाले. किमान ८५० वॅटचा चांगला पीएसयू घ्या आणि प्रत्येक कार्डाला स्वतंत्र केबल द्या, एकाच केबलची दोन टोके नकोत.

त्याआधी मात्र बायोसमध्ये (मशीन सुरू होताना उघडणाऱ्या सेटिंगमध्ये) १०५ वॅटचा इको मोड लावा. नाव १०५चे असले तरी प्रोसेसर १४२ वॅटपर्यंत वीज घेतो, कामात फार घट होत नाही. कार्डांना १५० वॅटची मर्यादा घाला. एवढे करूनही सगळे मिळून ५०० वॅटच्या आसपास जाते. दिवसाला १२ युनिट, महिन्याला ३६०! महावितरणचे ३०० युनिटांपुढचे दर पाहूनच चोवीस तास चालवायचे का ते ठरवा.

नाशिकच्या एप्रिल-मेमध्ये दुपारी पारा चाळिशीला टेकतो, रात्री हवा उतरते. बॉइंकमध्ये रात्री १० ते सकाळी ८ अशी वेळ लावता येते. त्यातली सीपीयू टाइमची (प्रोसेसरने किती वेळ काम करायचे याची) टक्केवारी कमी करू नका. काम सतत थांबत-सुरू होत राहते आणि तापमान हेलकावे खाते. त्याऐवजी वापरायचे कोअर कमी करा. दोन थ्रेड (प्रोसेसर एकाच वेळी चालवतो त्या कामांच्या जागा) कार्डांसाठी मोकळे ठेवा, नाहीतर कार्डे उपाशी बसतात.

रॅम ६४ जीबी हवी. रोझेटाची (बॉइंकवरच्या प्रथिनांच्या संशोधन प्रकल्पाची) कामे मेमरी खातात.