घराण्यातले मोडी कागद छापायचे आहेत : लेख करावा की पुस्तक?

रुमालवाचक
कऱ्हाड भागातल्या एका देशपांडे घराण्याच्या दप्तरातून साधारण १५० मोडी कागदांचे लिप्यंतर तयार आहे. बहुतेक कागद १७३० ते १८१८ या काळातले. त्यात महजर (साक्षीदारांसमोर झालेले निवाड्याचे कागद), करीने (वादाच्या हकीकती), निवाडपत्रे, गावांच्या जमाखर्चाच्या यादी आणि थोडी घरगुती पत्रे आहेत. एकदम पुस्तक छापावे की आधी एखाद्या नियतकालिकात लेख द्यावा? कालनिर्णय, संपादनाची पद्धत, आयएसबीएन (पुस्तकाचा नोंदणी क्रमांक), छपाई या सगळ्यांत नेमके कुठे चुकते, ते जाणकारांनी सांगावे. मूळ कागद घराण्याकडेच राहणार आहेत.

शकावली
आधी तारखा. स्थानिक इतिहासाच्या बऱ्याच पुस्तकांत पायाच इथे खचतो.

सुहूर सन अरबी संख्याशब्दांत लिहितात, त्याचे शब्द एकं, दहं, शतं, सहस्र अशा क्रमाने येतात. ‘इहिदे सितैन मया व अलफ’ म्हणजे १ + ६० + १०० + १००० = ११६१. हा सन मृगाला, म्हणजे मेअखेर ते जूनच्या पहिल्या आठवड्यात बदलतो. म्हणून कागद जून ते डिसेंबरमधला असेल तर ५९९ मिळवायचे, जानेवारी ते मेमधला असेल तर ६००. पानिपतची लढाई, १४ जानेवारी १७६१, याच ११६१ सनात येते. शकाने ताळा घ्या : पौष शुद्ध ८ शके १६८२, आणि जानेवारी असल्याने १६८२ + ७९. चैत्र ते डिसेंबरअखेर ७८ मिळवायचे.

फाटक्या कागदावर सर्वांत मोठा धोका शेपटांचा. सित (६) आणि सितैन (६०), सबा (७) आणि सबैन (७०), समान (८) आणि समानीन (८०) ही अक्षरे विरली की सारखीच दिसतात. तिथे शब्दाची जागा पाहा : एकं आधी, दहं नंतर. त्याहून घातक म्हणजे ‘मयातैन’ (२००) मधले ‘तैन’ कसरीने खाल्लेले असणे. ‘मया’ (१००) वाचलेत तर कागद सरळ १०० वर्षे मागे जातो. तुमचे शेवटचे कागद १७९९ नंतरचे असतील, म्हणजे मयातैनच्याच हद्दीतले. ते सगळे पुन्हा तपासा.

‘छ’ पुढचा आकडा म्हणजे हिजरी महिन्याची तारीख. महिना चंद्रदर्शनाने सुरू होत असल्याने छ १ बहुधा शुद्ध २ ला पडतो, क्वचित ३ ला. म्हणून छ २० म्हणजे वद्य ६ च्या आसपास. कागदावर वार दिला असेल तर तोच खरा पंच. सन, तिथी आणि वार एकमेकांशी जुळत नसतील तर ‘लेखकाची चूक’ म्हणून पुढे जाऊ नका. वतनाच्या भांडणात नंतर तयार केलेले कागद बऱ्याचदा इथेच पकडले जातात.

आणखी एक. इंग्रजांनी पंचांग बदलले १७५२ मध्ये, पोर्तुगिजांनी १५८२ मध्येच. वसईच्या मोहिमेवर (१७३७-३९) लिहिताना मुंबईकर इंग्रजांची तारीख आणि पोर्तुगीज तारीख यांत ११ दिवसांचे अंतर पडते. १७५२ पूर्वी इंग्रजांचे वर्षही २५ मार्चला सुरू होई, त्यामुळे जानेवारी ते मार्चच्या पत्रांवर एक वर्ष मागचे दिसते. शिवकालाच्या रूढ तारखा जुन्या पंचांगाच्या आहेत : १९ फेब्रुवारी १६३० ही नव्या पंचांगाने १ मार्च होते. तुम्ही कोणते पंचांग धरले, हे प्रस्तावनेत एका वाक्यात लिहाच.

बंद_आणि_शिक्का
वरचे सगळे मान्य. आता मजकूर.

मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही आणि शब्द तोडलेले नसतात. म्हणजे देवनागरीत दिसणारा प्रत्येक शब्दविच्छेद संपादकाचा असतो. तो निर्णय लपवू नये. ‘मौ॥’, ‘प॥’, ‘रा॥’ हे संक्षेप मजकुरात जसेच्या तसे ठेवावेत आणि त्यांचे पूर्ण रूप सुरुवातीच्या यादीत एकदाच द्यावे. फाटलेल्या जागी चौकटी कंसात टिंबे, अंदाजाने भरलेली अक्षरे चौकटी कंसात, संशयित वाचनापुढे प्रश्नचिन्ह. भाषा मात्र ‘सुधारू’ नका. ‘जाहाले’चे ‘झाले’ केले की भाषेच्या अभ्यासकाला तो कागद निरुपयोगी होतो.

प्रत्येक कागदाच्या डोक्यावर एवढे हवे : अनुक्रमांक, मूळ तारीख जशी लिहिली तशी, काढलेली इसवी तारीख, अस्सल की तालीक (नक्कल), किती बंद (एकमेकांना चिकटवलेले कागदाचे तुकडे), लांबी-रुंदी सेंटिमीटरमध्ये, शिक्के कुठे, पाठीवर काय. पाठीकडे दुर्लक्ष होते आणि तिथेच पोचल्याची नोंद, दप्तरातली ‘बार’ ही नोंद आणि सांध्यावरची मोहोर असते. दोन बंद जिथे चिकटवले तिथली मोहोर अर्धी वर, अर्धी खाली जुळते का ते पाहा. जुळत नसेल तर मधला बंद बदललेला किंवा गहाळ आहे. महजरावर पाटलाच्या नावापुढे नांगर, सुताराच्या नावापुढे त्याच्या हत्याराची निशाणी असते. ‘निशाणी आहे’ एवढेच लिहून भागत नाही, कोणती ते लिहा.

स्कॅन ४०० डीपीआयला, शिक्के ६०० ला, टिफ फाइलमध्ये, बाजूला मोजपट्टी ठेवून, दोन्ही बाजू. रुमालातला (कागद बांधलेल्या कापडी गठ्ठ्यातला) मूळ क्रम मोडू नका. तारखेप्रमाणे लावायचे ते छापील पुस्तकात. कोणता कागद कोणाशेजारी बांधला होता, हासुद्धा पुरावाच आहे. सेलोटेप आणि लॅमिनेशन कदापि नको.

रुमालवाचक
पाठीवरच्या नोंदी निम्म्याच कागदांच्या घेतल्या आहेत, त्या पूर्ण करतो. जमाखर्चातले पाव, अर्धा, पाऊण दाखवणारे दंड (उभ्या रेघा) टाइप कसे करायचे? आणि प्रकाशनाचे?

फॉर्मा१६
दंडांसाठी युनिकोडमध्ये स्वतंत्र चिन्हे आहेत (पाव, अर्धा, पाऊण, एक षोडशांश), पण ती फार थोड्या फॉन्टमध्ये उमटतात. छापखान्यात गेली की चौकोन दिसतात. सुरक्षित मार्ग : मूळ आकडा दंडांसह चित्ररूपाने एका तक्त्यात दाखवा आणि मजकुरात ‘रु. ४ आणे १२’ असे उलगडून लिहा. टंकलेखन युनिकोडमध्येच करा. जुन्या फॉन्टमध्ये रूपांतर करून घेणारे छापखाने अजून आहेत, त्या रूपांतरात रफार सरकतो आणि ‘॥’ गळतो. म्हणून शेवटचे मुद्रित (प्रूफ) मूळ स्कॅनशी ताडून वाचायचे, आपल्या टंकलिखिताशी नव्हे.

लेख की पुस्तक? आधी लेख, माझे मत ठाम आहे. एकाच विषयाचे, समजा एका वतनवादाचे, ८ ते १२ कागद निवडा, टिपांसह. भारत इतिहास संशोधक मंडळाचे त्रैमासिक आणि धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळाचे ‘संशोधक’ ही अशा लेखनाची ओळखीची ठिकाणे. तिथल्या वाचकांनी वाचनातल्या चुका दाखवल्या तर उरलेल्या कागदांत त्या टळतात. पैसे भरून आठवड्यात लेख छापणाऱ्या नियतकालिकांपासून दूर राहा. आयएसएसएन क्रमांक म्हणजे नियतकालिकाची फक्त नोंदणी, दर्जाचे प्रमाणपत्र नव्हे. यूजीसीची (विद्यापीठ अनुदान आयोगाची) मान्य नियतकालिकांची केअर यादीही २०२५ मध्ये बंद झाली, तेव्हा ‘केअर लिस्टेड’ ही जाहिरात आता निरर्थक आहे.

पुस्तकाचा आयएसबीएन राजा राममोहन रॉय संस्थेच्या पोर्टलवर विनामूल्य मिळतो आणि लेखक स्वतःही अर्ज करू शकतो. कोणी त्याचे पैसे मागत असेल तर देऊ नका. डेमी आकार, ७० किंवा ८० जीएसएम (कागदाची जाडी) मॅपलिथो कागद, शिलाई बांधणी. पृष्ठे १६ च्या पटीत बसवा. छायाचित्रांचा एक फॉर्मा (१६ पानांचा संच) आर्ट पेपरवर वेगळा. ३०० प्रतींपर्यंत डिजिटल छपाई परवडते, त्यापुढे ऑफसेटचा भाव काढा.

सूचीवर कंजुषी करू नका. व्यक्तिनाम आणि स्थलनाम सूची पृष्ठक्रम कायम झाल्यावरच करायची. आधी केलेली सूची एका ओळीच्या दुरुस्तीने बिघडते. गावाच्या नावापुढे जुना परगणा, तर्फ, आजचा तालुका आणि २०११ च्या जनगणनेचा सहा आकडी ग्रामसंकेतांक द्या. वडगाव आणि पिंपळगाव यांचा गुंता दुसऱ्या कशाने सुटत नाही. प्रादेशिक इतिहासाचे पुस्तक लोक पहिल्या पानापासून वाचत नाहीत, आपल्या गावाचे नाव सूचीत शोधून उघडतात.

बंद_आणि_शिक्का
परवानगीचे राहिले. दप्तर अविभक्त असेल तर एकाच भावाची सही पुरत नाही. सर्व हिस्सेदारांची लेखी संमती घ्या आणि तिच्यात तीन गोष्टी वेगवेगळ्या लिहा : मजकूर छापणे, स्कॅन छापणे, स्कॅन इंटरनेटवर ठेवणे. अनेक घराणी पहिल्याला हो म्हणतात, तिसऱ्याला नाही. तिसऱ्यालाही संमती मिळाली तर झेनोडो या संशोधनसाठ्याच्या संकेतस्थळावर स्कॅन ठेवा, डीओआय (कायमचा ऑनलाइन ओळखक्रमांक) फुकट मिळतो आणि तो पुस्तकात प्रत्येक कागदाच्या डोक्यावर छापता येतो.

७५ वर्षांहून जुना ऐतिहासिक कागद १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरतो, तेव्हा परदेशातल्या अभ्यासकाला मूळ कागद पाठवण्याचा विचारही नको. आणि पुस्तक निघाल्यावर १९५४ च्या कायद्याप्रमाणे ३० दिवसांत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि मुंबई, चेन्नई, दिल्ली इथल्या नेमलेल्या ग्रंथालयांना प्रती स्वखर्चाने पाठवायच्या असतात. छपाईच्या हिशेबात त्या चार प्रती आणि घराण्याच्या प्रत्येक हिस्सेदाराची एक प्रत आधीच धरा.

शकावली
जोड : महजर छापण्याआधी पुणे पुरालेखागारात त्या गावाचे रुमाल पाहून घ्या. घराण्याकडे तालीक असेल आणि सरकारी दप्तरात दुसरी नक्कल असेल, तर पाठभेद तळटीपेत देता येतात. दोन्हींत साक्षीदारांची नावे वेगळी निघाली, तर लेख त्याच कागदावर करा.