बीएमआय २४, तरी पोट पुढं. लठ्ठपणा नक्की मोजायचा कशानं?

उद्यमबागकर

नमस्कार मंडळी. वय ४३, बेळगावच्या उद्यमबागेत सीएनसी मशीनवर कामाला आहे. दिवसभर मायक्रॉनमध्ये जॉब मोजतो, त्यामुळं स्वतःच्या मापातला हा घोळ सोसवत नाही.

उंची १६८ सेंटिमीटर, वजन ६८ किलो. गेल्या महिन्यात कारखान्यात तपासणी शिबिर झालं. बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, २४.१ काढून कागदावर "नॉर्मल" लिहून दिलं. दोन आठवड्यांनी भावाबरोबर एका दवाखान्यात गेलो, तिथं तेच वजन, तीच उंची, आणि शेरा "ओव्हरवेट". मित्राच्या डिजिटल काट्यावर उभारलो तर रात्री चरबी २९ टक्के, दुसऱ्या दिवशी सकाळी २६. पँट अजून ३४ चीच लागते, पण खाली बसलो की शर्टाची बटणं ताणतात.

वडील ५४ व्या वर्षी हार्ट अटॅकनं गेले. हातपाय काटकुळे, फक्त पोट सुटलेलं. आरशात बघताना आता तेच दिसतात. यातलं खरं काय मानू?

खानापूरच्या सिस्टर

दादा, दोन्ही कागदांवरचा आकडा बरोबर आहे, फरक पट्टीचा आहे. जगभर चालणाऱ्या पट्टीत २५ पासून जादा वजन आणि ३० पासून लठ्ठपणा धरतात. आपल्या लोकांत कमी वजनावरच साखर आणि बीपी मागं लागतं, म्हणून भारतीय डॉक्टरांनी २००९ मध्ये २३ आणि २५ अशी पट्टी ठरवली. शिबिरवाल्यांनी पहिली लावली, दवाखान्यानं दुसरी. तुमच्यासाठी दुसरीच धरा.

पण मला खरा राग येतो तो त्या शिबिरात कुणी टेप काढली नाही याचा. खानापूर तालुक्यात नोकरीची २९ वर्षं काढली, त्यात अशी कितीतरी माणसं बघितली, वजनात बसणारी आणि पोटानं बाहेर पडणारी. बीएमआयला चरबी आणि स्नायू यांतला फरक कळत नाही, चरबी कुठं साठलीय हे तर मुळीच नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. याज्ञिक आणि इंग्लंडचे डॉ. युडकिन यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचीच मापं शेजारीशेजारी छापली होती. दोघांचा बीएमआय २२.३. युडकिनांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या २१.२.

आता पोटाचा घेर मोजायचं नीट वाचा, इथंच सगळे चुकतात. सकाळी, पोट साफ झाल्यावर, शर्ट वर करून उघड्या अंगावर. बगलेखाली कुशीत बोटं दाबत खाली या, शेवटची बरगडी लागेल. कमरेचं हाड वरच्या काठाला चाचपा. दोन्हींच्या बरोबर मधोमध पेनानं खूण करा. टेप चारी बाजूंनी जमिनीला समांतर, अंगाला टेकलेली पण रुतलेली नाही. पाय थोडे फाकवून उभारा, नेहमीसारखा श्वास सोडा, आणि सोडून झाल्यावर वाचा. पोट आत ओढायचं नाही. आरशासमोर एकट्यानं मोजू नका, मागं टेप घसरते, वहिनींना धरायला सांगा.

पुरुषाला ९० आणि बाईला ८० सेंटिमीटर ही आपल्याकडची हद्द. शिवाय घेर उंचीच्या निम्म्याच्या आत हवा, म्हणजे तुमचा ८४ च्या आत. आशाताई तिशीपुढच्या माणसांचा फॉर्म भरायला घरी येतात, त्यातही घेर विचारतात: पुरुष ९० पर्यंत असला तर धोक्याचे शून्य गुण, ९१ ते १०० ला एक, त्यापुढं दोन.

काट्याचं काय, तो पायातून बारीक करंट सोडतो. पाण्यातून करंट सहज जातो, चरबीतून अडतो. अंगातलं पाणी कमीजास्त झालं की आकडा हलतो. रोज एकाच वेळी उभारून दोन-तीन महिन्यांचा कल बघायला ठीक, निदानाला नाही. नेमकी चरबी डेक्सा नावाच्या एक्स-रे तपासणीत कळते, पण तुम्हाला आत्ता तो खर्च नको.

वडगावचा टेलर

पँटच्या ३४ वर जाऊ नका. ४० वर्षं कपडे शिवूलालोय, सांगतो. आमच्या वहीत पँटला "कंबर" आणि शर्टाला "पोट" अशी दोन वेगळी मापं असतात. पोट सुटलं की माणूस पँट पोटाखाली सरकवतो, कंबर ३४ ची ३४ राहते. एका गिऱ्हाइकाच्या जुन्या वहीत कंबर ३४, पोट ३४ होतं. परवा पोराच्या लग्नासाठी माप घेतलं, कंबर ३५ आणि पोट ४०. "मी काय वाढलो नाही" म्हणत होते.

आणि शिवायला आम्ही इंचभर मोकळं धरतो, ते इथं धरू नका. टेपही जुनी घेऊ नका, कापडी टेप ताणून लांब होते.

माजी सैनिक, अनगोळ

उलट बाजूही असते. माझा मुलगा तालमीत जातो. उंची १७२, वजन ८६. बीएमआय २९ च्या वर, एका ठिकाणी लठ्ठ म्हणून शेरा मारला. घेर ८२. सिस्टरांच्या हिशेबानं तो हद्दीच्या आत आहे.

उद्यमबागकर

आज सकाळी बायकोनं टेप धरली, तीनदा मोजलं. ९७, ९६.५, ९६.५. टेप आधी कारखान्यातल्या स्टीलच्या पट्टीला लावून तपासली होती. ८४ पाहिजे तिथं ९६.५. कागदावर मात्र "नॉर्मल".

मग तिचाही घेर बघितला. उंची १५२, घेर ८३. सिस्टर, आता पुढं काय तपासायचं?

खानापूरच्या सिस्टर

घेराचा आकडा हा संशय, निदान डॉक्टर करतील. २०२५ च्या जानेवारीत लॅन्सेटच्या तज्ज्ञगटानंही हेच मांडलं: बीएमआयला घेराची जोड द्या, आणि चरबीनं अवयवांना इजा केलीय का हे वेगळं बघा. दोघांचं बीपी, उपाशीपोटी साखर, तीन महिन्यांची सरासरी साखर, कोलेस्टेरॉल. तुमच्या लिव्हरचंही विचारा. घोरता का, झोपेत श्वास अडकतो का, हे वहिनींना विचारून जा, स्वतःला कळत नाही. वडिलांचं वय आणि कारण डॉक्टरांना सगळ्यात आधी सांगा.

उद्यमबागकर

घोरतो म्हणते, आणि मधे आवाज थांबतो म्हणून तिनं दोनदा हलवून उठवलंय. हे मला आज कळलं. सोमवारची सुट्टी टाकली आहे, दोघं मिळून जातो. रिपोर्ट आले की इथं टाकतो.